दोन अधिकचिन्हं

ही गोष्ट एका फाइलीची आहे. फाइल म्हणजे केवढी, तर दोन-चार ओळींची. नावाच्या आधी टिंब असल्यामुळे साध्या यादीत ती दिसायचीही नाही. नाव डॉट-आरहोस्ट्स. जन्मगाव बर्कली, कॅलिफोर्निया. जन्मसाल १९८३.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी युनिक्स या संगणकप्रणालीची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर काढली. संगणकांनी एकमेकांशी बोलायची टीसीपी-आयपी ही रीत तिच्यात अंगचीच होती. विद्यापीठांच्या विभागांत तेव्हा व्हॅक्स जातीची कपाटाएवढी यंत्रं असत. एकावर तुमचा प्रबंध, दुसऱ्याला प्रिंटर जोडलेला, तिसऱ्यावर गर्दी कमी. दिवसभर याच्यावरून त्याच्यावर जा-ये करायची आणि दर वेळी पासवर्ड टाइप करायचा. माणसं कंटाळली. कंटाळलेल्या हुशार माणसांनी मग आरलॉगिन आणि आरएसएच असे दोन प्रोग्राम लिहिले आणि जोडीला ही फाइल दिली. तिच्यात आपण लिहून ठेवायचं, की अमुक यंत्रावरून अमुक नावाचा माणूस आला तर त्याला पासवर्ड विचारू नकोस, आत घे. हीच सवलत अख्ख्या यंत्राला द्यायची असेल तर व्यवस्थापकाच्या ताब्यात होस्ट्स-इक्विव्ह नावाची दुसरी फाइल होती. तिच्यात शेजारच्या यंत्राचं नाव लिहिलं की तिथली सगळी माणसं इथलीच झाली.

यामागचा विचार तेव्हा लंगडा मुळीच नव्हता. टेलनेट या जुन्या प्रोग्रामने लॉगिन केलं तर पासवर्ड तारेवरून उघडानागडा जायचा आणि त्याच केबलवर कान लावून बसलेल्या कुणालाही तो वाचता यायचा. तेव्हा पासवर्ड पाठवलाच नाही तर चोरीला जाणार काय, असं मानणारे लोक होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. शिवाय एक तजवीज केलेली होती. पलीकडून येणारी जोडणी १०२४ च्या खालच्या क्रमांकाच्या पोर्टवरून आली तरच तिच्यावर विश्वास ठेवायचा. युनिक्समध्ये ते पोर्ट वापरायची मुभा फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला असते. थोडक्यात, पलीकडच्या यंत्राचा रूट हमी देणार, की हा जो कुणी म्हणवतोय तो तोच आहे.

आणि रूट कोण? व्हॅक्सची किंमत लाखो डॉलरमध्ये. असं यंत्र ज्याच्या हाती दिलं तो माणूस विभागात सगळ्यांच्या ओळखीचा. दुपारी कँटीनमध्ये भेटणारा. त्याच्या शब्दावर दार उघडायला हरकत काहीच नव्हती.

पण फाइलीत त्या माणसाचं नाव कुठे होतं? तिथे होतं यंत्राचं नाव. आमच्या सोसायटीचा वॉचमन गाडी ओळखतो, आत बसलेला माणूस बघत नाही. जोशींची गाडी दिसली की फाटक उघडतो. तसंच हे. पाचेक वर्षांत व्हॅक्सच्या जागी टेबलावर मावणारी वर्कस्टेशन्स आली, मग साधे पीसी आले, आणि जो तो आपापल्या टेबलाचा रूट झाला. हमीदार बदलले. हमीपत्रावरचा मजकूर तोच राहिला.

त्यात भर म्हणून या फाइलींना एक चिन्ह कळायचं, ते म्हणजे अधिक. यंत्राच्या नावाच्या जागी अधिक लिहिलं तर कोणतंही यंत्र. माणसाच्या जागीही अधिक लिहिलं तर कोणताही माणूस. सन कंपनीच्या सनओएसमध्ये होस्ट्स-इक्विव्ह ही फाइल कारखान्यातूनच एक अधिकचिन्ह घेऊन यायची. नवं कोरं यंत्र खोक्यातून काढावं, जोडावं, आणि त्याचा जगातल्या प्रत्येक यंत्रावर आधीपासूनच विश्वास असावा. ते चिन्ह खोडा, असं व्यवस्थापकांना वारंवार सांगावं लागलं. ज्यांनी खोडलं त्यांनी खोडलं.

आता एका मुलाची गोष्ट. रॉबर्ट टॅपन मॉरिस. त्याचे वडील, त्यांचंही नाव रॉबर्ट मॉरिस, बेल लॅब्समध्ये होते. युनिक्सचे पासवर्ड साठवायची पद्धत त्यांच्या हातची; लोक किती सोपे पासवर्ड ठेवतात यावर केन थॉम्पसनबरोबर १९७९ मध्ये त्यांनी लिहिलेला लेख आजही वाचला जातो. अशा घरातला हा मुलगा. फेब्रुवारी १९८५ मध्ये, वय वर्षं १९ असताना, त्याने बेल लॅब्ससाठी एक छोटा अहवाल लिहिला. विषय होता ४.२ बीएसडीमधलं एक वैगुण्य.

वैगुण्य असं. दोन यंत्रं बोलायला लागण्याआधी तीन निरोपांची देवाणघेवाण होते. पहिलं म्हणतं, बोलायचंय. दुसरं म्हणतं, ठीक, हा माझा आकडा. पहिलं तो आकडा परत म्हणून दाखवतं, मग बोलणं सुरू. यात एक खोच आहे. दुसऱ्याचं उत्तर जातं ते पाकिटावर लिहिलेल्या पत्त्यावर. मी दुसऱ्या कुणाचा पत्ता घालून खोटं पाकीट पाठवलं तर आकडा त्या दुसऱ्याकडे जाणार, मला दिसणारच नाही, आणि न दिसलेला आकडा मी परत म्हणू शकणार नाही. म्हणजे तोतया आपोआप उघडा पडतो. हे खरंच, पण आकडा आधी ओळखता येत नसेल तरच. ४.२ बीएसडीमध्ये तो दर सेकंदाला १२८ ने वाढायचा आणि प्रत्येक नव्या जोडणीला ६४ ने. ज्याला बेरीज येते त्याला उत्तर बघायची गरज नव्हती. मुलाने लिहिलं, की अशा रीतीने तोतयाला विश्वासातलं यंत्र असल्याची बतावणी करून पासवर्डशिवाय आत शिरता येईल.

अहवाल छापला गेला. जाणकारांनी वाचला. स्टीव्हन बेलोव्हिन यांनी १९८९ मध्ये टीसीपी-आयपीतल्या दोषांवर मोठा लेख लिहिला, त्यात हा दोष पुन्हा नीट मांडला. इकडे यंत्रं नेहमीसारखी चालत होती. फाइली होत्या तिथेच होत्या.

मधल्या काळात त्याच मुलाने एक उद्योग करून ठेवला होता. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी, कॉर्नेलचा विद्यार्थी असताना, त्याने एमआयटीतल्या एका यंत्रावरून एक प्रोग्राम सोडला. जग त्याला मॉरिस वर्म म्हणून ओळखतं. त्याच्या आत शिरण्याच्या वाटा अनेक होत्या: फिंगर नावाच्या सेवेतली चूक, सेंडमेलमधलं उघडं राहिलेलं खिंडार, ४३२ शब्दांची यादी घेऊन पासवर्डचा अंदाज. त्यातलीच एक आपली फाइल. वर्म एखाद्या यंत्रात पोचला की होस्ट्स-इक्विव्ह आणि डॉट-आरहोस्ट्स उघडून वाचायचा. खरं तर त्या यादीवरून कळतं ते एवढंच, की हे यंत्र कुणाला आत घेतं. वर्मला हवं होतं उलटं, याला कोण आत घेईल ते. त्याने सरळ गृहीत धरलं की विश्वास दुतर्फा असणार. याने त्याचं नाव लिहिलंय, तर त्यानेही याचं लिहिलं असेल. बहुतेकदा ते खरं निघायचं. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, त्याचा शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि ज्याने कधी कुणा परक्याला दार उघडलं नव्हतं अशा यंत्रातही वर्म ओळखीच्या ओळखीने पोचला.

या प्रोग्राममधली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. एका यंत्रावर एकच प्रत राहावी म्हणून नवा वर्म आधी विचारायचा, इथे कुणी आहे का. होकार आला तर त्याने गप मरायचं. पण मुलाच्या मनात आलं, की एखादा चतुर व्यवस्थापक खोटा होकार देणारा प्रोग्राम बसवेल. म्हणून त्याने ठरवलं: सातांतून एकदा, काहीही उत्तर आलं तरी ऐकायचं नाही, राहायचंच. यंत्र स्वतःबद्दल जे सांगतं ते खरं मानायचं नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याचा वर्म पसरत होता तो बाकीच्यांना ते माहीत नव्हतं म्हणून, आणि हाताबाहेर गेला तो या अविश्वासापायीच. सातांतला एक हे प्रमाण त्याच्या अंदाजापेक्षा फार जास्त ठरलं. एकेका यंत्रावर ढिगाने प्रती चालू लागल्या आणि यंत्रं गुदमरली. इंटरनेटवर तेव्हा साधारण ६०,००० यंत्रं होती; त्यातली ६,००० सापडली असं सांगतात, पण तो आकडा अंदाजाचाच आहे. वर्म कसा थांबवायचा हे सांगणारा निनावी निरोप हार्वर्डमधल्या एका मित्राने नेटवर टाकला, तोही त्याच गर्दीत अडकला आणि वेळेवर पोचला नाही.

वडील तेव्हा नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्या संगणक-सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते. त्या घरात त्या आठवड्यात काय बोलणं झालं असेल ते वाचकांनी आपल्या घरावरून ताडावं. मुलाला १९९० मध्ये तीन वर्षं परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला.

एवढं झाल्यावर ती फाइल जगातून हद्दपार व्हायला हवी होती. फिंगर दुरुस्त झालं, सेंडमेल दुरुस्त झालं, पेंटागॉनच्या डार्पा संस्थेने कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट नावाचं मदतकेंद्र उघडलं. फाइल मात्र राहिली. फिंगरमध्ये चूक होती, चूक सुधारता येते. फाइलीत चूक कुठे होती? तिला सांगितलं तेच ती करत होती. आणि ती काढायची म्हणजे उद्यापासून पुन्हा दर वेळी पासवर्ड. रात्री दोनला यंत्रांनी आपापसात बॅकअप घ्यायचा असतो, तेव्हा पासवर्ड टाइप करायला कोण बसणार? ज्याला ओळ खोडायची होती त्याच्यापुढे हा प्रश्न यायचा आणि तो ओळ ठेवायचा. सोय त्याची होती आणि रोजची होती. धोका कुणाचा आणि कधी, ते ठाऊक नव्हतं.

१९९४ च्या नाताळचा दिवस. सॅन डिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरमधला शास्त्रज्ञ त्सुतोमु शिमोमुरा सुट्टीवर गेलेला. हा माणूस ऐरागैरा नव्हे, संगणकाच्या सुरक्षेतला नावाजलेला जाणकार. त्याची यंत्रं चालू होती आणि त्यातल्या दोघांचं आपसात सख्य होतं: एक सर्व्हर, आणि त्याच्या जिवावर चालणारं, स्वतःची डिस्क नसलेलं एक टर्मिनल. सर्व्हर म्हणेल ते टर्मिनल पासवर्डशिवाय ऐकायचं. गोष्ट सोयीची आणि घरातल्या घरात. बाहेरच्याला तिचा काय त्रास?

दुपारी दोन वाजून नऊ मिनिटांनी बाहेरून चौकशा सुरू झाल्या. तिथे कोण आहे, कोण कुणाची डिस्क वापरतं. एवढ्यावरून सख्य कुणाचं ते कळलं. मग सर्व्हरच्या लॉगिन पोर्टवर एकापाठोपाठ ३० अर्धवट जोडण्या आल्या, सगळ्या कुणीच राहत नसलेल्या पत्त्यावरून. उत्तरं देऊन वाट बघत बसलेल्या सर्व्हरची रांग भरली आणि त्या पोर्टवर त्याची बोलती बंद झाली. हे मुद्दाम केलेलं होतं. आपल्या नावाने कुणी बोलतंय असं कळलं असतं तर सर्व्हरने ‘मी नव्हे’ म्हणून जोडणी तोडली असती. तोंड दाबलेला माणूस नाही कसं म्हणणार?

नंतर शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या एका यंत्रावरून टर्मिनलला २० वेळा हाक मारली गेली. दर वेळी त्याने दिलेला आकडा टिपायचा आणि जोडणी सोडून द्यायची. नोंदींमध्ये ते आकडे आजही बघता येतात. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा १,२८,००० ने मोठा. पुढचा कोणता, ते चौथीतला मुलगा सांगेल.

एकविसावं पाकीट सर्व्हरचा पत्ता घालून आलं. टर्मिनलने आकडा पाठवला, तो मुक्या सर्व्हरकडे गेला. तोतयाने न बघता बेरीज करून परत म्हटला. बरोबर. टर्मिनलच्या लेखी आता सर्व्हर बोलत होता, आणि सर्व्हरने एक आज्ञा दिली. आज्ञा इतकीच, की तुझ्या रूटच्या डॉट-आरहोस्ट्समध्ये एक ओळ वाढव. त्या ओळीत दोन अधिकचिन्हं होती.

कोणतंही यंत्र, कोणताही माणूस. पहिल्या खोट्या पाकिटापासून इथपर्यंत १६ सेकंदही लागले नाहीत. १९ वर्षांच्या मुलाने १९८५ मध्ये कागदावर लिहिलेली रीत जवळजवळ जशीच्या तशी, दहा वर्षं शिळी. आणि तोतयाने कुलूप फोडलं नाही की पासवर्ड चोरला नाही. मालकाने स्वतःसाठी करून ठेवलेली सवलतच त्याने सगळ्या जगाला लागू केली.

चोरी कळली तीही मौजेने. शिमोमुराच्या यंत्रांच्या नोंदींची प्रत दुसऱ्या एका यंत्रावर नियमाने जात असे. दोन दिवसांनी तिथे दिसलं की नोंदवही आखूड झाली आहे. नोंदवही वाढत जाते, कमी कशी होईल? कुणीतरी पानं फाडली होती, आणि ज्या यंत्रावर प्रत जात होती ते त्याच्या हाती लागलं नव्हतं. पुढचं सगळं वर्तमानपत्रांत गाजलं: ज्याच्यावर संशय होता त्या केव्हिन मिटनिकचा पाठलाग, १५ फेब्रुवारी १९९५ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली गावी त्याला झालेली अटक, पुस्तकं, सिनेमा. या हल्ल्याला आजही त्याचंच नाव लावतात. मला त्या पाठलागापेक्षा २३ जानेवारी १९९५ चं सर्टचं सूचनापत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. खोट्या पत्त्याच्या पाकिटांपासून सावध राहा, असं त्यात जगाला बजावलेलं आहे. आकडे ओळखता येऊ नयेत म्हणून काय करावं ते बेलोव्हिन यांनी १९९६ मध्ये रीतसर लिहून दिलं. मुलाच्या अहवालाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

त्याच १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपत असल्याचं उघडकीला आलं. तिथल्या तातु युलोनेनने काही महिन्यांत एसएसएच हा प्रोग्राम लिहिला आणि जुलैत लोकांना फुकट देऊन टाकला. टेलनेटचा पोर्ट क्रमांक २३, एफटीपीचा २१. मधला २२ रिकामा होता, तो त्याने मागितला आणि त्याला मिळाला. सगळं बोलणं सांकेतिक, म्हणून तार ऐकून उपयोग नाही. आणि पासवर्डशिवाय यायचं असेल तर किल्ल्यांची जोडी. एक तुमच्याजवळ गुपित राहणारी, दुसरी पलीकडच्या यंत्रावर ठेवायची. पलीकडचं यंत्र दर वेळी नवं कोडं घालतं, ते गुपित किल्ली असणाऱ्यालाच सुटतं. पत्ता कुठलाही असो. ‘मी तिथून आलोय’ या सांगण्याला किंमत उरली नाही.

मंडळी मात्र तीच. गुपित किल्लीवर पासफ्रेजचं वेष्टण घालायची सोय पहिल्यापासून होती, म्हणजे फाइल चोरीला गेली तरी उघडू नये. पण मग तो पासफ्रेज दर वेळी टाइप करायचा! विचारणा झाली की एंटर दाबून जागा कोरी सोडायची, हा रिवाज पडला. रात्रीच्या बॅकअपसाठी तर तो नियमच झाला. नव्या यंत्राशी पहिल्यांदा जोडताना प्रोग्राम त्या यंत्राच्या किल्लीचा ठसा दाखवून विचारतो, खात्री आहे का? तो ठसा कुणाशी ताडून बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही; सगळे यस म्हणतात. आणि आपण कुठल्या कुठल्या यंत्रांवर जातो त्याची यादी नोन-होस्ट्स नावाच्या फाइलीत साठत जाते. २००५ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की ही यादी म्हणजे एखाद्या नव्या वर्मसाठी आयती पत्त्यांची वही आहे. जुन्या वर्मने डॉट-आरहोस्ट्स वाचली होती, तशीच. ओपनएसएसएच या एसएसएचच्या खुल्या आवृत्तीने त्याच सुमाराला नावं झाकून साठवायची सोय दिली.

मे २०२० मध्ये जग कोरोनात अडकलं होतं आणि युरोपातले महासंगणक विषाणूवरच्या संशोधनालाही जुंपलेले होते. ११ तारखेला एडिंबरामधला आर्चर नावाचा महासंगणक बंद करावा लागला. पाठोपाठ जर्मनीतली केंद्रं बंद झाली. हल्लेखोर रीतसर खात्यांतून आले होते, चोरलेल्या ओळखींवर. शास्त्रज्ञ एका देशातल्या केंद्रावरून दुसऱ्या देशातल्या केंद्रावर जातात, किल्ल्या बरोबर नेतात, तिथेच ठेवतात, विसरतात. ज्या वाटेने ते जात होते त्याच वाटेने दुसरं कुणी गेलं. काही ठिकाणी आत शिरून काय केलं, तर मोनेरो नावाचं आभासी चलन खणायचा प्रोग्राम बसवला.

आर्चर पुन्हा सुरू करण्यापूर्वी व्यवस्थापकांनी सगळे पासवर्ड आणि सगळ्या किल्ल्या रद्द केल्या. नवा नियम असा केला, की आत यायचं तर किल्ली लागेल, किल्लीला पासफ्रेज असलाच पाहिजे, आणि त्यावर शिवाय पासवर्डही टाइप करावा लागेल.